झाकण तिरकं

आमच्याकडे चार नंबरचं टेबल नाही.
तीननंतर पाच, तेरानंतर पंधरा.
चार म्हटलं की आमच्या भाषेत मरण ऐकू येतं.
टोपलीत मात्र नग चारच,
तिथे कुणाचं काही अडत नाही.

पंधरा नंबरवर, बंदराकडच्या काचेशी,
आज लिन-जे बसलीय.
सव्वीस वर्षं तिच्या टोपल्या वर आल्या लिफ्टने,
माणसांच्या नव्हे,
भिंतीतली ती दोन हात उंचीची.
ती स्वतः आज पहिल्यांदा.

सोबत मुलगी, हिन-यी.
कोट खुर्चीला अडकवलेला नाही, मांडीवर आहे.
लवकर उठायचं असलं की लोक असं करतात,
किंवा काही सांगायचं असलं की.

पहिला चहा लिन-जेने प्यायला नाही.
लखलखीत पेल्यांना तिने त्यानेच आंघोळ घातली,
चॉपस्टिक्सना, चमच्यालाही.
'आई, इथे नको गं.'
मी न मागता धुवणाचा वाडगा आणून ठेवला.
तिची दोन बोटं टेबलावर टकटकली.
आभार.
त्या बोटांच्या टोकांना ठसे उरलेले नाहीत.

मेनूकार्डाची तिने फक्त उजवी बाजू वाचली.
हार गाउ, एक टोपली: आकडा.
ओठ हलले. चारने भागलं,
मग तेराने.
म्हणजे एक चुणी इतक्याला!
आणि ती हसली, कुणाकडेच न बघता.

'गुरुवारचं विमान आहे,' हिन-यी म्हणाली.
'मँचेस्टर. धाकट्याला शाळाही मिळालीय.'

मी नेमकं तेव्हाच टोपलीचं झाकण काढलं.
आमच्या धंद्यात हे चुकीच्या वेळीच होतं.
वाफ तिच्या चष्म्यावर बसली.
तिने पुसला नाही, थांबली,
वाफ आपली आपण जाईपर्यंत.

मग एक नग उचलून उजेडात धरला.
पारीतून कोळंबी दिसायला हवी, गुलाबी,
एखाद्याने डोळा मिटलेला असावा तशी.
दिसली.
चुण्या मोजल्या. अकरा.
दुसरा. अकरा.
तिसऱ्यात अकरावी कशीबशी ओढलेली.

'खाली पारीवर कोण आहे?'
मी म्हणालो, नवीन मुलगा, का-लोक.
'उकड चांगली काढलीय. पाणी खळखळतं ओतलंय त्याने.
पण अंगठा दुखतोय त्याचा.'

मी खाली गेलो. चौतीस पायऱ्या.
का-लोक, वय एकोणीस,
हातमोज्याच्या आत अंगठ्याला पट्टीचे तीन वेढे,
मुख्य आचाऱ्यापासून लपवलेले.
'तुम्हाला कुणी सांगितलं?'
आता काय सांगू? तुझ्याच करंजीने, पोरा.

वर आलो तर दोघी गप्प.
माझ्या तळहातावर तिने औषधी तेलाची पिवळी बाटली ठेवली,
अर्धी वापरलेली, पर्समध्ये नेहमी असते ती.
'झोपताना लाव म्हणावं.
आणि सुरीच्या पानाला दाबू दे,
अंगठ्याने दाबू नकोस.
वीस वर्षांनी कळतं ते. तोवर उशीर होतो.'

'आई, मी काय म्हणाले ते ऐकलंस का?'
'ऐकलं.
तिकडे थंडी फार असते.'
आणि तिसरा, ओढलेल्या चुणीचा नग
तिने मुलीच्या बशीत ठेवला.
चौथाही.
मुलीने दोन्ही खाल्ले, खाली मान घालून,
लहान मुलांना दामटून भरवल्यावर ती जशी खातात.

बिल दिलंय. कोट अंगावर चढलाय.
एक वाजता पंधरा नंबरवर दुसरं बुकिंग आहे,
मॅनेजर लांबून मनगटावर बोट आपटतोय.
पण लिन-जेने चहाच्या किटलीचं झाकण
तिरकं करून ठेवलंय.
तिरकं म्हणजे पाणी हवं,
हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

तिसऱ्यांदा ओततोय.
सकाळी काळाभोर उतरलेला चहा
आता नुसतं गवताच्या रंगाचं गरम पाणी.
पानांत काही उरलेलं नाही,
तिला माहीत आहे, मला माहीत आहे.

झाकण तिरकं आहे, साहेब.
मी आणखी पाणी आणायला जातो.